मदत हवी आहे: रिकॉल झालेली इव्ही घ्यावी की नुसते अपडेट आलेली?

घाईत: रविवारी टोकन द्यायचंय, पटकन सांगा. दोन सेकंडहँड इव्ही बघितल्या. बाणेरच्या गाडीचा रिकॉल झाला होता, कंपनीने बोलावून पार्ट बदलून दिला. विमाननगरच्या गाडीला रिकॉल नाही, मालक म्हणतो फक्त सॉफ्टवेअर अपडेट आले. किंमत जवळपास सारखी. बायकोच्या मते रिकॉल म्हणजे डागी माल. कुठली घेऊ? 'इव्हीच घेऊ नका' हे सांगू नये.

वेताळटेकडी: साल? किमी? कुठला पार्ट? पत्रिका न दाखवता गुण किती जुळतात विचारताय.

पेठकर: इव्हीच घेऊ नका. सीएनजी.

निवांत: वहिनींना सांगा, रिकॉल शब्दाला घाबरू नका. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये ऑटोपायलटपायी (चालकाला मदत करणारी यंत्रणा) टेस्लाच्या २० लाखांवर गाड्यांचा रिकॉल निघाला आणि उपाय काय तर घरबसल्या अपडेट. पुढे दोन महिन्यांत इशाऱ्याच्या दिव्यांची अक्षरं बारीक म्हणून अजून सुमारे २२ लाख! तिथे सुरक्षेतला दोष असला की उपाय कसलाही असो, नोंद रिकॉल म्हणूनच. सगळं सॉफ्टवेअरच आहे हो आता.

मीनल_वारजे: सोसायटीच्या परवानगीचं आधी बघा. आमच्या सेक्रेटरींनी आठ महिने लटकवलं. वेगळ्या मीटरसाठी महावितरणकडे अर्ज केला तेव्हा कुठे हलले.

घाईत: मीनलताई, चार्जर नंतर. दोन्ही २०२२ च्या. बाणेर ४१ हजार किमी, विमाननगर १९ हजार. पार्ट म्हणजे बॅटरीतला कॉन्टॅक्टर का काहीतरी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे भांडणं होतात.

वेताळटेकडी: कॉन्टॅक्टर! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. बॅटरी आणि मोटरमधला तो मुख्य स्विच. तो गेला की चार्ज भरपूर असूनही गाडी जागेवर बसते. निवांतराव, फोर्डची मस्टँग माक-ई आठवा. कॉन्टॅक्टर तापतात म्हणून २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४९ हजार गाड्यांचा रिकॉल, उपाय काय तर अपडेट. २०२३ मध्ये त्यातल्या बऱ्याच गाड्या परत बोलावल्या आणि तेव्हा पार्ट बदलला. तापणारं तांबं कोडने थंड होत नाही. बाणेरवाल्याकडे पार्ट बदलल्याचं जॉबकार्ड (सर्व्हिस सेंटरचा नोंदीचा कागद) असेल तर मी तीच घेईन.

निवांत: एका उदाहरणावर किती उड्या! माझी गाडी कात्रज घाट उतरताना रीजनचे (वेग कमी होताना बॅटरी चार्ज होते ते) झटके द्यायची, एका अपडेटने लोण्यासारखी झाली. वर्कशॉपचं तोंड पाहिलं नाही.

वेताळटेकडी: झटके सॉफ्टवेअरचेच होते, म्हणून गेले. मी वेगळं काय म्हणतोय?

पेठकर: अवांतर: २०२२ मध्ये धानोरीत स्कूटर पेटली होती, विसरलात?

निवांत: काका, ती स्कूटर. इथे कारचं चाललंय.

मीनल_वारजे: @घाईत, विमाननगरच्या गाडीत अपडेट 'आले' की 'टाकले'? आमच्या गाडीचे अर्धे अपडेट सर्व्हिस सेंटरलाच होतात. स्क्रीनवर व्हर्जन बघा.

घाईत: आत्ता जाऊन आलो. व्हर्जन गाडी घेतली तेव्हाचंच आहे. मालक म्हणाला, "तीनदा फोन आला शोरूमचा, पण चालतीये की गाडी, कशाला जायचं?" सर्व्हिस सेंटरला नंबर सांगितला तर दोन कामं पेंडिंग, एक बॅटरीचं. आता त्याच्याकडून टोकन परत कसं मागू?

वेताळटेकडी: टोकन रविवारी द्यायचं होतं ना?