आधी दोन-तीन पेपर काढा, मग राजीनामा

नाशिकच्या अंबडला पाच वर्षं मेकॅनिकलची नोकरी करून आता अ‍ॅक्च्युअरी (विमा-पेन्शनमधल्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ) व्हावं का, हा प्रश्न वाचून माझेच दिवस आठवले. मी तिथल्याच सातपूर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटीत होतो. एसीईटी या प्रवेश परीक्षेचा बाऊ करू नका. दमछाक पुढे आहे, फेलोशिप म्हणजे पूर्ण अ‍ॅक्च्युअरी होईपर्यंत तब्बल १३ विषय. इंजिनिअरला कॅल्क्युलस नडत नाही, नडतं ते संख्याशास्त्र. शिवाय सीएस१ या संख्याशास्त्राच्या पेपरात 'आर' ही संगणकभाषा वापरून गणितं सोडवावी लागतात.

माझा सीएम१ हा विम्याच्या गणिताचा पेपर पहिल्यांदा उडाला. वार्षिकीची (ठरावीक काळाने मिळत राहणाऱ्या रकमेची) सूत्रं तोंडपाठ, पण पैसे कधी येतात, कधी जातात हेच नीट मांडलं नव्हतं. आता आधी आडवी रेघ ओढतो, तिच्यावर वर्षं, प्रत्येक वर्षाखाली रक्कम आणि माणूस तोवर हयात असण्याची शक्यता, व्याजदर त्यानंतर. आपला फ्री बॉडी डायग्रामच की, वस्तूवरची सगळी बलं आधी बाणांनी दाखवायची तसा!

नाशकात या कामाच्या जागा नसल्यातच जमा, मुंबई-पुणे-गुरुग्राम गाठावंच लागतं. म्हणून दोन-तीन पेपर निघेपर्यंत नोकरी सोडू नका. मुंबईच्या मुलाखतीला काय, सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जायचं, रात्री घरी जेवायला.