पत्रकारिता शिकवताना अराज्यवादी वृत्तपत्रे का वगळायची?

फोंड्याचा वाचक: गोव्यात वृत्तपत्रांच्या इतिहासावर भाषण झाले की 1821चे 'गाझेता द गोवा', 1900चा 'ओ हेराल्दो', 1911चे मिनेझिस ब्रागांझांचे 'ओ देबाते' आणि मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची सेन्सॉरशिप, हाच क्रम. त्या राजवटीच्या पूर्वसुरींनी लिस्बनमध्ये कुणाचा गळा घोटला, हे कुणी सांगत नाही. 'आ बाताल्या' हे अराज्यवादी, म्हणजे राज्यसत्ताच नको मानणाऱ्या, कामगार चळवळीचे दैनिक 1919 साली निघाले. 1926च्या लष्करी उठावानंतर वर्षभरात, 1927 मध्ये, ते बंद पाडले गेले. सालाझार पंतप्रधान झाला 1932 साली. गोव्यातल्या विद्यार्थ्यांना हे शिकवायलाच हवे असे माझे मत आहे.

डिचोलीकर: साफ असहमत. जर्मन अराज्यवादी योहान मोस्टचे 'फ्रायहाइट' हे पत्र आठवा. 1881 साली रशियाच्या झारचा खून झाला, त्याचे कौतुक छापल्याबद्दल मोस्टला लंडनमध्ये तुरुंगवास झाला. 1901 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळीबार झाला, त्याच सुमारास त्याच्या पत्रात राज्यकर्त्यांच्या हत्येचे समर्थन करणारा जुना लेख आला होता, पुन्हा तुरुंग. ही पत्रकारिता कोवळ्या पोरांपुढे ठेवायची?

मडगावची शिक्षिका: डिचोलीकर बाब, मोस्टवरून सगळ्यांना तोलू नका. लंडनच्या 'फ्रीडम'कडे बघा. 1886 साली रशियन अराज्यवादी विचारवंत क्रोपोत्किन, शार्लट विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी ते काढले. 1914 मध्ये महायुद्ध पेटले आणि क्रोपोत्किन दोस्तराष्ट्रांच्या बाजूने उभा राहिला. संपादक टॉमस कील यांनी पत्राची युद्धविरोधी भूमिका सोडली नाही. ज्याच्या नावावर पत्र ओळखले जायचे, त्याच्याच विरोधात! 1916 साली सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धच्या मजकुरासाठी कील यांना तुरुंगातही जावे लागले. मालकाचा फोन आला की बातमी उतरते, हे आपण आजूबाजूला बघतो. म्हणूनच कील मला फार मोठे वाटतात, आणि माझ्या वर्गात त्यांची गोष्ट मी सांगणारच.

म्हापशाहून: गोष्ट चांगली आहे, पण आपल्याशी तिचा काय संबंध? पोर्तुगीज राजवटीविरुद्धचा आपला आवाज 1955 ते 1961 वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलातून चालवलेल्या गुप्त रेडिओने पोचवला. लंडन-लिस्बनच्या मूठभर लोकांची पत्रे इथे कुणी वाचली?

फोंड्याचा वाचक: मूठभर? न्यूयॉर्कचे 'फ्राये आर्बेटर श्टिमे' हे यिद्दिश, म्हणजे युरोपीय ज्यूंच्या भाषेतले, अराज्यवादी पत्र 1890 ते 1977 चालले. आणि संबंध हवा तर एम. पी. टी. आचार्य बघा. मद्रासचा हा क्रांतिकारक युरोपात अराज्यवादी झाला, 1935 साली मुंबईला परतला आणि 1954 मध्ये तिथेच वारला. परदेशी अराज्यवादी पत्रांत तो मुंबईतून लिहीत होता. मुंबई म्हणजे काही परका देश नव्हे. आपल्याकडची किती माणसे तेव्हा तिथे राहत होती!

डिचोलीकर: कील यांचे मानतो, बाई. आचार्यांविषयीही वाचीन. पण शिकवायचे तर मोस्टचा लेखही त्याच धड्यात यायला हवा. ज्यांना हे विचार प्रिय आहेत, ते नेमके तेवढेच पान गाळतात, माझी तक्रार तिथे आहे.

मडगावची शिक्षिका: येईल. मोस्ट आधी, कील नंतर.