मदत हवी आहे : बॅडलँड्सला दोन रात्री, तंबू टाकावा का? जरा लवकर सांगा

रानवाटा
मंडळी, शुक्रवारी निघायचंय त्यामुळे घाईत लिहितोय. बॅडलँड्सला (अमेरिकेतला झिजलेल्या, ओसाड टेकड्यांचा भाग) दोन रात्री राहायचा बेत आहे. पार्कातल्या केबिन सगळ्या गेल्यात, काल रात्री बघितलं, आणि पैसे भरून जे कॅम्पग्राउंड मिळतं तेही फुल दाखवतंय. वाइल्डरनेसच्या, म्हणजे आतल्या राखीव रानाच्या, कडेला एक फुकटचं कॅम्पग्राउंड आहे, तिथे तंबू टाकायचं माझ्या मनात आहे, बायको नाही म्हणते. तिथे जागा मिळते का, पाण्याचं काय आणि रस्ता आपल्या गाडीला चालेल का एवढं सांगा. साइटवरचं सगळं वाचून झालंय, कृपया लिंका देऊ नका.

पक्या६१२
आपल्या गाडीला म्हणजे कुठल्या गाडीला? कुठून निघताय, किती जण, मुलं आहेत का?

निळावंती
आम्ही मागच्या वर्षी जाऊन आलो, फार सुंदर आहे. मेडोरा गावात रहा, तिथून साउथ युनिटचा लूप करा, रानटी घोडे हमखास दिसतात. वेळ असेल तर नॉर्थ युनिट अजिबात सोडू नका, वॉटफर्ड सिटीकडून जायचं, गर्दी अगदी कमी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट १८८३ साली बायसनच्या (गव्यासारखं तिथलं रानटी जनावर) शिकारीला आला होता तो हाच भाग. आणि पेंटेड कॅनियन संध्याकाळी बघा, हायवेला लागूनच आहे.

रानवाटा
निळावंती, ते नॉर्थ डाकोटातल्या थिओडोर रूझवेल्ट पार्कचं झालं. मी साउथ डाकोटाच्या बॅडलँड्स नॅशनल पार्कबद्दल विचारतोय. पक्या, शिकागोहून निघतोय, मिनिव्हॅन आहे, मुलं ९ आणि ५.

निळावंती
तुम्ही कुठे लिहिलं होतं साउथ म्हणून? दोन्हीकडे बॅडलँड्सच म्हणतात, दोन्ही पार्कना नॅशनल पार्कचा दर्जा पण एकाच दिवशी मिळालाय, १० नोव्हेंबर १९७८. असो. माझं मत विचाराल तर नॉर्थच बघा.

गवताळ
तुम्ही म्हणताय ते सेज क्रीक कॅम्पग्राउंड. तीनदा राहिलोय तिथे, त्यामुळे सांगतो. बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याची जागा. शनिवारी दुपारी दोनच्या आत पोचा, संध्याकाळी पोचलात तर भरवसा नाही. पाण्याचा थेंब नाही, संडास खड्ड्याचे आहेत, शेकोटीला पूर्ण पार्कात बंदी आहे, स्वैपाकाला गॅसचा स्टोव्ह चालतो. बाकी तिथली सकाळ म्हणजे, मी तंबूची चेन उघडली तर समोर पन्नास पावलांवर बायसन गवत उपटत होता, दातांखाली गवत तुटल्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता आणि नाकातून वाफ निघत होती. नियम शंभर यार्ड लांब राहायचा आहे, पण तोच जवळ आला तर आपण हळूच गाडीत जाऊन बसायचं, फोटोच्या नादी लागायचं नाही. मुलांना हे आधीच नीट समजावून ठेवा.

सुलभा_ओ
पाच वर्षांचं मूल आणि तंबूबाहेर बायसन! गवताळ, तुम्ही एकटे जाता म्हणून तुम्हाला हे सुचतं. रानवाटा, वॉल गावात मोटेल घ्या, पार्काच्या पिनॅकल्स गेटापासून आठ मैलांवर आहे. मुलांना रात्री बाथरूमला लागतं.

गवताळ
सुलभाताई, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. एकटा नव्हतो.

पक्या६१२
मिनिव्हॅन स्वतःची की भाड्याची? विचारतोय कारण त्या कॅम्पग्राउंडला जाणारा सेज क्रीक रिम रोड कच्चा आहे आणि भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर बऱ्याचदा बंदी असते. काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतो.

रानवाटा
भाड्याची. कच्चा म्हणजे किती कच्चा? व्हिडिओत तर लोक सेडान घेऊन जाताना दिसतात.

चिखलदरी
व्हिडिओ कोरड्या दिवसाचा असेल. कोरड्यात सेडान आरामात जाते, खरंच. पण ओल्यात काय होतं ते माझ्याकडून ऐका. आम्ही जूनमधेच गेलो होतो, दुपारी आभाळ निरभ्र, रात्री वीस-पंचवीस मिनिटं पाऊस झाला, फार नाही. सकाळी बूट घालून बाहेर आलो, पहिल्या दोन पावलांना काही कळलं नाही, पाचव्या-सहाव्या पावलाला बूट दुप्पट जड, तळाला भाकरीएवढा थर. काटकीने खरवडायला गेलो तर माती लोण्यासारखी पसरायची, निघायची नाही. गाडी जेमतेम दोनशे फूट गेली आणि चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट मातीने गच्च भरली, चाक फिरेना. तिथल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आहे, ती पाणी पिऊन फुगते. वाळल्यावर तिच्याच वर लाह्यांसारखा भुसभुशीत थर दिसतो, टेकड्यांवर हात लावून बघा. स्थानिक लोक या चिखलाला गंबो म्हणतात. आम्ही ऊन तापेपर्यंत पाच तास तिथेच बसून होतो. जोडीला गाडीच्या कंपनीने धुलाईचे वेगळे पैसे लावले.
तुम्ही कधी जाताय? मे आणि जून तिथले सगळ्यात पावसाचे महिने.

रानवाटा
जूनचा दुसरा आठवडा म्हणजे हाच. शुक्रवारी निघून सू फॉल्सला मुक्काम, शनिवारी दुपारी पार्क, सोमवारी सकाळी परत. आणि हो, आई-बाबा पण आहेत बरोबर, इकडे आलेत सहा महिन्यांसाठी. बाबा ७३, त्यांचे गुडघे दुखतात.

सुलभा_ओ
हे तुम्ही आत्ता सांगताय?! मोटेल. ७३ वर्षांच्या माणसाला जमिनीवर झोपवू नका हो, उठताना हाल होतील त्यांचे.

आकाशकंदील
सेज क्रीकला रात्री आकाशगंगा इतकी स्वच्छ दिसते की विचारू नका. ट्रायपॉड न्या, १४ ते २४ एमएमची लेन्स, आयएसओ ३२००, वीस सेकंद, फोकस हाताने. चंद्र कधी उगवतोय ते आधी बघून ठेवा.

कूपर_दादा
स्पष्ट बोलतो, बॅडलँड्स हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. लूप रोडवरून गाडी काढायची, चार ठिकाणी उतरायचं, पुढे माउंट रशमोर (डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे चेहरे) करायचं. दोन रात्री कशाला? त्यापेक्षा तसंच पुढे यलोस्टोन गाठा.

गवताळ
दुपारी बारा ते चार बघणारे सगळे हेच म्हणतात. दुपारच्या उन्हात सगळं पांढरंफटक दिसतं. संध्याकाळी सातनंतर येलो माउंड्स या पिवळ्या टेकड्यांपाशी उभे रहा, पिवळ्यावर गुलाबी आणि त्यावर करडा असे थर एकेक करून वर येतात. तिथे मुक्काम केल्याशिवाय हे दिसत नाही. आणि ज्यांच्याबरोबर सत्तरीतले आई-बाबा आहेत त्यांना दोन दिवसांत यलोस्टोन सांगू नका, कृपा करा.

पक्या६१२
पाणी राहिलं. माणशी दिवसाला एक गॅलन धरा, सहा जण दोन दिवस म्हणजे बारा गॅलन, सगळं बरोबर न्यायचं.

ट्रेलमित्र
एवढं वाहून कशाला न्यायचं, फिल्टर घ्या, ओढ्याचं पाणी गाळून पिता येतं. आणि कॅम्पग्राउंडपेक्षा सरळ आत वाइल्डरनेसमधे तंबू लावा, फक्त परमिट काढावं लागेल.

गवताळ
दोन्ही चूक. तिथलं पाणी दुधाळ असतं, त्यातली माती इतकी बारीक की रात्रभर भांड्यात ठेवलं तरी खाली बसत नाही, फिल्टर दोन कप पाण्यात तुंबतो. माझा तुंबलाय. आणि आत राहायला परमिट लागत नाही, रस्ता आणि ट्रेलपासून निदान अर्धा मैल लांब आणि रस्त्यावरून दिसणार नाही असा तंबू लावायचा इतकंच. तो ६४,००० एकरांचा वाइल्डरनेस आहे, पायवाटांवर पाट्या नाहीत, बायसनच्या वाटांनी चालायचं. मुलं आणि आई-बाबा बरोबर असताना याचा विचारही नको.

ट्रेलमित्र
परमिटचं मी दुसऱ्या पार्कवरून म्हटलं, बरोबर आहे तुमचं. फिल्टरचं मात्र मला पटलेलं नाही, आधी कापडातून गाळलं तर चालायला हवं.

गवताळ
कापडातूनही करून पाहिलंय. नाही चालत.

मृण्मयी_के
बाबांसाठी लिहिते. विंडो ट्रेल आणि फॉसिल एक्झिबिट ट्रेल, दोन्ही पाव मैलाचे आणि फळ्यांची सपाट वाट आहे, गुडघे दुखत असले तरी जमतात. डोअर ट्रेलची सुरुवातही तशीच आहे, पुढे फळ्या संपल्या की परत फिरायचं. नॉच ट्रेलला ओंडक्यांची शिडी आहे, ती आई-बाबांना नको, तुम्ही नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जा, पाचवाल्याला खाली ठेवा. आणि मुलांना सांगा की २०१० मधे सात वर्षांच्या मुलीला इथे व्हिजिटर सेंटरजवळच खंजिरी दातांच्या प्राण्याची कवटी सापडली होती. माझी मुलं ते ऐकल्यावर तीन तास एकदाही कंटाळली नाहीत, खाली बघत चालली. काही सापडलंच तर हात लावायचा नाही, उचलायचं नाही, जागेचा फोटो काढून रेंजरला दाखवायचं.
मुलगा चौथीत असेल तर त्याचा फुकट पास निघतो, सगळी गाडी त्यावर आत जाते, ३० डॉलर वाचतील.

निळावंती
अवांतर आहे, पण नाव मुळात तिथल्या लाकोटा या मूळ रहिवासी जमातीचं, माको सिचा, म्हणजे वाईट जमीन. पार्कचा दक्षिणेकडचा भाग पाइन रिज रिझर्वेशनमधे, म्हणजे त्यांच्या राखीव प्रदेशात आहे. १९४२ मधे लष्कराने ती जमीन बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली, कित्येक कुटुंबांना घर सोडावं लागलं, आणि न फुटलेला दारूगोळा आजही सापडतो. तिकडे गेलात तर जमिनीवरच्या लोखंडी वस्तूला हात लावू नका. मला हे तिथे गेल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं.

कूपर_दादा
अवांतरच चाललंय तर, आय-९० हायवेच्या एक्झिट १३१ ला मिनटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचं म्युझियम आहे, बाबांना आवडेल. एक्झिट ११६ ला जमिनीतला खरा सायलो (क्षेपणास्त्र ठेवायची विहीर) काचेतून बघता येतो, चालायला जवळजवळ नाहीच. हे मात्र नक्की करा.

पक्या६१२
रानवाटा, एक लक्षात ठेवा, पार्क माउंटन टाइममधे आहे, पोचताना एक तास मिळेल, परतताना जाईल. सोमवारी त्या हिशोबाने निघा.

रानवाटा
सगळ्यांचे आभार, सगळं वाचलं. अंदाज पाहिला, शनिवारी रात्री वादळी पाऊस आणि गारा दाखवतायत. वॉलमधे दोन खोल्या घेतल्या, दोन्ही रात्रींसाठी. बाबांना गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाले माझ्यामुळे तंबू रद्द करू नका, त्यांना मीच म्हटलं पावसामुळे केलाय. पण बायसन मुलांना दाखवायचाच आहे. रविवारी रस्ता वाळला असेल तर सेज क्रीक रिम रोडवर निदान प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) वसाहतीपर्यंत जाता येईल का? मुलगा रोज तेच विचारतोय.

चिखलदरी
रविवारी सकाळी व्हिजिटर सेंटरला फोन करून रस्त्याचं विचारा, ते खरं सांगतात. आणि भाड्याचा करार आधी नीट वाचा, पक्याने लिहिलंय तेही महत्त्वाचं आहे. जाता आलंच तर काच खाली करून शांत बसा, वसाहत रस्त्याला लागूनच आहे, त्यांच्या शिट्ट्या गाडीतूनच ऐकू येतात. खायला काही घालू नका, त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरतो, मुलांना बिळांजवळ जाऊ देऊ नका. आणि पिनॅकल्सच्या गेटाच्या आसपास डांबरी रस्त्यावरूनही बायसन बऱ्याचदा दिसतो, तेव्हा नाहीच जमलं तर दुर्बीण काढून तिथे थांबा.

सुलभा_ओ
खोल्या घेतल्यात, बरं केलंत. खालच्या मजल्यावरच्या आहेत ना?

रानवाटा
नाही विचारलं. आत्ता फोन करतो.