एकलहऱ्याकडे बोट दाखवलं की महापालिका सुटते का?

शरणपूर रोडवरून
काल इथे एकाने लिहिलं, "नाशिकचा कार्बन एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून निघतो. महापालिकेने एलईडी लावले, झाडं लावली, तिचं काम झालं." वाचून रात्रभर चिडचिड झाली. एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे तिन्ही संच महानिर्मितीचे, म्हणजे राज्याच्या वीज कंपनीचे आहेत, मान्य. पण गंगापूर, मुकणे, चेहेडीहून पाणी उचलायला वीज कोण वापरतं? मलजल शुद्धीकरणाला कोण वापरतं? दिवे दिसतात, पंप दिसत नाहीत, म्हणून चर्चा फक्त दिव्यांची. आणि ओला कचरा हवेशिवाय दबून कुजला की मिथेन होतो, शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट घातक. पंपागणिक युनिटं, बसचं इंधन, कचऱ्याचं वजन दर महिन्याला जाहीर करा, एवढंच म्हणणं आहे.

सातपूरकर
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही. ब्रिटनच्या हवामान समितीने २०२० मध्ये सांगितलं की स्थानिक परिषदांच्या थेट ताब्यात त्या भागातलं २ ते ५ टक्केच उत्सर्जन असतं. उरलेलं सोडून पाच टक्क्यांचे कागद रंगवायचे? अंबड-सातपूरच्या कारखान्यांमधल्या बॉयलरवर पालिकेचं काय चालतं?

शरणपूर रोडवरून
पुढचं वाक्यही सांगा ना. त्याच समितीने म्हटलंय की परिषदांचा प्रभाव सुमारे एक तृतीयांश उत्सर्जनावर पडतो: बांधकाम परवानगी, वाहतूक, कचरा. जुलै २०२१ मध्ये सिटीलिंक बससेवा सुरू झाली ती पालिकेचीच. बस वेळेवर आली तर माणूस दुचाकी घरी ठेवतो, हा प्रभाव.

पंपावरचा माणूस
मी एका छोट्या गावच्या पंपहाऊसवर २२ वर्षं काढली. जादा क्षमतेचा पंप बसवलेला, म्हणून व्हॉल्व्ह अर्धा दाबून चालवायचो. पाणी निम्मं, वीज मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. तीनदा लेखी दिलं, "चालतंय ना, चालू द्या" हेच उत्तर. योग्य पंप बसवणं आणि गळती बुजवणं यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून ते मागे पडतं. ताई बरोबर बोलतायत.

तपोवनाशेजारी
पंपाचं काय घेऊन बसलात? नोव्हेंबर २०२५ मध्ये कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली सुमारे १,८०० झाडं काढायचा प्रस्ताव आला. तोच कारभार कार्बन कमी करणार?

सातपूरकर
भावना बाजूला ठेवून गणित करा. मोठं झाड वर्षाला साधारण २२ किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. १,८०० झाडांचे झाले ४० टन. एक डिझेल बस दिवसाला २०० किलोमीटर धावली तर ५० लिटर जाळते, लिटरमागे २.७ किलो. वर्षाचे ३०० दिवस धरले तरी ४० टन. सगळं तपोवन म्हणजे एक बस.

तपोवनाशेजारी
एक बस? माझ्या आजीच्या शेवटच्या उन्हाळ्यात घरात बसवत नव्हतं. रोज दुपारी तिला तिथल्या चिंचेखाली नेऊन बसवायचो. बस देते का सावली? पावसाचं पाणी जिरवते? दीडशे पक्ष्यांना घर देते? तुमच्यासारखी आकडेमोड करणारेच करवत चालवायला धीर देतात.

सातपूरकर
मी करवतीच्या बाजूने एक अक्षर लिहिलेलं नाही. शब्द जपून वापरा.

पंचवटीतली शिक्षिका
दोघंही थांबा. त्या गणितात खोडात साठलेला कार्बन कुठे धरलाय? झाड पाडून जाळलं की पन्नास वर्षांचा साठा एका झटक्यात हवेत जातो. शिवाय राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी झाडं लावायची असतात. म्हणजे सगळी मेख वय किती लिहिलं यात आहे.

सातपूरकर
साठ्याचा मुद्दा राहिला माझ्याकडून. मान्य, पण एवढाच. पंप, बस सोडून फक्त झाडांवर भांडलो तर उत्सर्जन तसूभर हलणार नाही, हे मी अजूनही म्हणतो.

शरणपूर रोडवरून
मग सुरुवातीपासून मी दुसरं काय म्हणतेय? वीज, इंधन आणि कचरा, तिन्हींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज उद्या टाकते. पंपावरचे काका, नेमकं काय मागू?

पंपावरचा माणूस
प्रत्येक पंपाची युनिटं आणि त्याच महिन्यात उचललेलं पाणी. दोन्ही एकत्र मागा, नुसत्या बिलावरून काही कळत नाही.

तपोवनाशेजारी
आणि झाडांची यादी मागाल तर खोडाचा घेर मागा. वय अंदाजाने लिहितात. घेर मी स्वतः टेप घेऊन मोजून बघेन.