मदत हवी आहे : २००९ पूर्वीची मराठी कात्रणे कशी शोधावीत?

आमच्या वाचनालयात ६ सप्टेंबरला, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळणाऱ्या २०१८ च्या निकालाच्या वर्धापनदिनी, समलिंगी व तृतीयपंथी समाजाच्या हक्कलढ्यावर मराठी कात्रणांचे छोटे प्रदर्शन भरवायचे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा तसाच निकाल, सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०१३ मध्ये फिरवणे आणि समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणारा ऑक्टोबर २०२३ चा निकाल, यांच्या बातम्या तारखा ठाऊक असल्यामुळे बांधीव फायलींतून सहज मिळाल्या.

अडचण त्याआधीच्या काळाची आहे. फायलींना विषयसूची नाही आणि पाने ठिसूळ झाल्याने ग्रंथपाल नेमकी तारीख सांगितल्याशिवाय खंड हाताळू देत नाहीत (त्यांचेही बरोबरच आहे). मुंबईत १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचे नियतकालिक आणि १९९४ मध्ये याच समाजासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था सुरू झाली, एवढे माहीत आहे. पण मराठी वृत्तपत्रांनी त्यांची दखल केव्हा घेतली, हे हाती लागत नाही. केवळ निकालच मांडले, तर हा लढा न्यायालयातच झाला असे वाटेल.

इंग्रजी कात्रणे नकोत आणि खासगी व्यक्तींची नावे वा छायाचित्रे आम्ही लावणार नाही. १९९० ते २००८ मधील अशा मराठी बातम्या, अग्रलेख किंवा वाचकांची पत्रे कोणत्या वृत्तपत्रात, कोणत्या तारखेला आली होती, हे कोणी सांगू शकेल का?