उमेदवाराची बायको, उमेदवाराचा नवरा: तुमचे अनुभव

निवडणूक लागली की उमेदवारावर रकानेच्या रकाने छापून येतात. त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराकडे मात्र कुणी फिरकत नाही. फिरकलंच तर औक्षणाच्या फोटोपुरतं. म्हणून हा धागा. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत कुठलीही निवडणूक चालेल. पक्ष सांगू नका, मतदारसंघ ओळखू येईल असं काही लिहू नका, नावाच्या जागी टोपणनाव घ्या. घरात काय झालं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आमचे हे २०२४ ला विधानसभेला उभे होते. आठवत असेल, अर्जाची मुदत २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर आणि मधे अख्खी दिवाळी. फराळाला म्हणून जे आले त्यातले निम्मे बंडखोराला कसं बसवायचं याच्या खलबतासाठी आले होते. त्या बंडखोराची बायको माझ्या चांगल्या ओळखीची. पाडव्याला तिचा फोन. "वहिनी, तुमच्याकडे काय ठरतंय? इथे मला कुणी काही सांगत नाही." म्हटलं, मला तरी कुठे सांगतात! मग आम्ही दोघी बराच वेळ चकलीच्या भाजणीवर बोललो. तो बसला. का बसला, ते आम्हां दोघींना अजून कळलेलं नाही.

निरंक

मी प्रतिज्ञापत्राबद्दल लिहिते. विधानसभेला नमुना २६ भरावा लागतो आणि त्यात जोडीदाराचा वेगळा रकाना असतो. माझा पॅन, पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, बँकेतली शिल्लक, विमा, दागिने वजनासह. वकिलांनी बजावलं होतं, रकाना रिकामा ठेवला तर अर्ज बाद होऊ शकतो, काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. सगळे दागिने घेऊन सराफाकडे निघालो. त्यात सासूबाईंचा गोफ होता. त्या घरातून ओरडत होत्या, "माझा गोफ हिच्या नावावर कसा काय?" वकील म्हणाले, आजी, नावावर नाही, कागदावर. त्यांचं काही समाधान झालं नाही. शेवटी गोफ यादीतून निघाला आणि त्याच संध्याकाळी माझ्या कपाटातूनही.

खरी गंमत पुढे. टायपिस्ट मजकूर वाचून दाखवत होता. 'देणी' या रकान्यात ह्यांच्या नावापुढे एका पतसंस्थेचं कर्ज. मित्राला जामीन राहिले होते, तो बुडाला, ते अंगावर आलेलं. मला पत्ता नाही. टायपिस्ट आकडा वाचून पुढे गेला, मी म्हटलं, थांबा, मागचं परत वाचा. त्याने परत वाचलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

जोडीदाराची मालमत्ताही जाहीर झाली पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलं. कशासाठी, तर मतदाराला माहिती मिळावी. आमच्या घरात पहिली माहिती मिळालेली मतदार मीच. आणि एवढं सगळं माझ्याबद्दल लिहून माझी सही त्यावर कुठेही लागत नाही. शपथ त्यांची, सही त्यांची. मग ते इंटरनेटवर येतं, आणि लांबची जाऊ फोन करून विचारते, "अगं, तुझी ठेव एवढीच?"

पर्यायी

मी स्वतः उमेदवार होते! छाननीपर्यंत. मुख्य उमेदवाराचा अर्ज काही कारणाने उडाला तर पक्षाचा माणूस असावा म्हणून डमी अर्ज भरतात. एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदावर, डमीचं नाव पर्यायी म्हणून असतं, आणि घरात बायको असताना डमी बाहेरून कशाला आणायचा? पण अर्ज डमी असला तरी कागद सगळे खरे लागतात. अनामत, प्रतिज्ञापत्र, निवडणूक अधिकाऱ्यासमोर शपथ. शपथ घेताना माझा आवाज जरा चढला. अधिकारी म्हणाले, मॅडम, हळू म्हटलं तरी चालतं. छाननीत ह्यांचा अर्ज वैध ठरला, माझा बाद झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनामत परत मिळाली, हे सांगून ठेवते.

मेव्हण्यांचा आभारी

मी नगरसेविकेचा नवरा. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. आमचा वॉर्ड ओबीसी महिला पडला. सोडत निघाली त्या संध्याकाळी चार लोक घरी येऊन म्हणाले, "वहिनींना उभं करू." वहिनी आत कुकर लावत होती. तिला विचारायला कुणीही आत गेलं नाही, शेवटी तीच बाहेर आली आणि म्हणाली, "मी उभी राहते, पण प्रचारात बोलणार मीच."

आता जातीचा दाखला. जात जन्माने धरतात, लग्नाने बदलत नाही, म्हणजे कागद माझ्या घरचे चालत नाहीत, सासरवाडीचे लागतात. तिचा शाळा सोडल्याचा दाखला, सासऱ्यांचा, आजेसासऱ्यांची १९६७ च्या आधीची नोंद. आणि माझं मेव्हण्याशी जमिनीच्या एका वादावरून बोलणं बंद होतं. तरी गेलो. त्याने दारातच विचारलं, "काय हवंय?" म्हटलं, तुझ्या आजोबांचा दाखला. तो आत गेला, पत्र्याची पेटी ओढत आणली आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून कागद चाळत राहिलो. आजोबांचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. त्या दुरुस्तीसाठी तहसीलला तोच माझ्याबरोबर आला. जमिनीचा वाद आहे तिथेच आहे, पण आता बोलून भांडतो.

निवडून आल्यावर पाणी, गटार, दिवे, सगळ्यांचे फोन माझ्यावर. "साहेब, मॅडमची सही पाहिजे होती."

निरंक

दादा, फोन तुमच्या खिशात कसा?

मेव्हण्यांचा आभारी

पत्रकावर नंबर माझा छापला होता. पुढच्या पत्रकावर तिने स्वतःचा छापून घेतला. आता मला फोन येत नाहीत आणि खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखं वाटतं.

रजेवर होते

मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे. नवरा उभा राहिला तरी मला प्रचार करता येत नाही. निवडणूक प्रतिनिधी, मतदान प्रतिनिधी, मतमोजणी प्रतिनिधी यातलं काहीही होता येत नाही. कायद्याने गुन्हा आहे. मी अर्जाच्या मिरवणुकीला गेले नाही, तर नात्यात कुजबुज सुरू, "दोघांचं पटत नाही वाटतं." घरी येणाऱ्या कार्यकर्त्यांना चहा देणं प्रचारात मोडतं का, असं मी वरिष्ठांना विचारलं. ते हसले. लेखी द्या म्हटल्यावर हसणं थांबलं. लेखी काही मिळालं नाही, चहा मात्र सासऱ्यांनी केला.

चपला

आम्ही टीव्ही लावलाच नव्हता. मतमोजणीच्या दिवशी दाराबाहेरच्या चपला बघायच्या. सकाळी जिन्यापर्यंत होत्या. पाचव्या फेरीनंतर विरळ झाल्या. दुपारी घरच्यांच्याच उरल्या आणि एक जोड जास्तीचा. बाहेर जाऊन पाहिलं, तर मंडपवाला बिल घेऊन बसला होता.

रोजकीर्द

वरच्या ताईंच्या मंडपवाल्यावरून. खर्चाचं खातं अर्ज भरायच्या आधी स्वतंत्र उघडावं लागतं आणि ते बायकोबरोबर जोडखातं चालत नाही, ती निवडणूक प्रतिनिधी असेल तरच. विधानसभेला मर्यादा ४० लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब. तोवर सगळे पांगलेले असतात. मी एकेका गाडीवाल्याच्या दारात पावतीसाठी उभी राहिले. खात्यावर माझं नाव नव्हतं, तरी गाडीवाल्यांना फक्त मीच माहीत होते.

नवीन

मंडळी, माझी बायको येत्या जिल्हा परिषदेला उभी राहतेय. घरच्या जुन्या दागिन्यांच्या पावत्या नाहीत. किंमत कुठली लावायची?

निरंक

चालू भाव. सराफाकडून वजन आणि मूल्यांकन लेखी घ्या. पण आधी तुमच्या निवडणुकीचा प्रतिज्ञापत्राचा नमुना निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातून आणा. जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभेचा नमुना तिथे चालत नाही. आणि 'देणी' मोठ्याने वाचा, दोघांनी बसून.

नवीन

ती आत्ताच विचारतेय, मी कुणाला जामीन आहे का.

पर्यायी

आहात का?