ट्रॅक्टर दसऱ्यापर्यंत कुठे उभा करायचा? (मळ्याच्या ग्रुपवरची चर्चा)

मोठी काकू: सगळ्यांनी जरा वाचा. तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शेत यंदा खंडाने दिलंय आणि ड्रायव्हरही गावी गेलाय. म्हणजे ट्रॅक्टर आता दसऱ्यापर्यंत काही हलत नाही. सध्या चिंचेखाली उभा आहे, वर ताडपत्री टाकलीये. चालेल ना?

सोनू: काकू, ताडपत्री चारी बाजूंनी दोरीने आवळून घ्या. आत थेंब जायला नको.

नाना: वहिनी, आवळू नका. वरचं पाणी अडतं, पण जमिनीची ओल आत कोंडते. दिवसा ऊन पडलं की आत वाफ धरते, रात्री गार पडलं की तीच थेंब होऊन लोखंडावर बसते. बॉनेटखालचे बोल्ट, वायरींचे जोड, सीटखालच्या स्प्रिंगा, सगळं चार महिन्यांत गंजून जाईल. डोक्यावर छप्पर आणि बाजूंनी वारा, ट्रॅक्टरला एवढंच लागतं. आणि चिंचेखालून आजच काढायला लावा. पाऊस उघडला तरी झाड गळत राहतं, वळवाच्या वाऱ्यात फांदी कधी येईल सांगता येत नाही.

सोनू: मग कांदाचाळ आहे की. दुपाखी आहे, मधली गल्ली मोकळीच असते. वारा पण भरपूर.

नाना: गल्ली 5 फुटांची आहे, ट्रॅक्टर 6 फूट रुंद. आणि छोटा असता तरी मी नाहीच म्हटलं असतं. ती गल्ली वाऱ्यासाठी सोडलेली असते. उन्हाळ कांदा पार दिवाळीच्या तोंडापर्यंत ठेवायचा तर त्याला खेळती हवा हवी, आणि मधूनमधून सडका निवडायला बायका आत जाणार कुठून?

सोनू: आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीमागे जागा आहे, विचारून बघू का?

मोठी काकू: नको रे बाबा. तात्यांना खाटेवरून ट्रॅक्टर दिसला पाहिजे. खताच्या गोदामात लावला तर? आत्ता निम्मं रिकामं आहे.

नाना: वहिनी, ती सगळ्यात वाईट जागा. युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅश, सगळी खतं हवेतली ओल ओढतात आणि ती खारट ओल लोखंडाला लागते. त्यात आपल्याकडे द्राक्षावर फवारायचं गंधक आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. फवारणीचं बोर्डो मिश्रण करताना तात्या काय करायचे आठवतंय? 100 लिटर पाण्याला किलो मोरचूद आणि किलो चुना, मग घासून लख्ख केलेलं विळ्याचं पातं आत बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला, अजून चुन्याची निवळी ओता. तो तांब्याचा थर चढतो तेव्हा त्याच्या जागी तेवढं लोखंड विरघळलेलं असतं. पातं पुसून ठेवता येतं, चासीच्या फटीत बसलेला मोरचुदाचा गाळ कोण पुसणार? म्हणून ट्रॅक्टर ठेवायच्या आधी खालून धुवायचा. मागची बाजू, मडगार्डच्या आतला भाग, लिफ्टचे जोड. फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीतून नि नळ्यांतून साधं पाणी फिरवायचं. धुऊन दिवसभर उन्हात वाळला की मग ग्रीस भरायच्या सगळ्या निपलांना ग्रीस.

आत्या (ओझर): नाना, मग ठेवायचा कुठे ते सांग ना.

नाना: गोदामाच्या पूर्वेच्या भिंतीला पडवी काढू. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून, पेठच्या बाजूने येतो, म्हणजे गोदामच आडोसा होईल. 12 बाय 18 फूट पुरे, उंची पुढे 10 फूट, म्हणजे सायलेन्सर अडणार नाही. पत्र्याचा उतार भिंतीकडे नको, बाहेरच्या बाजूला. पत्रे जे-बोल्टने आवळायचे, नुसते दगड ठेवून भागणार नाही. खाली अर्धा फूट मुरूम टाकून चोपून घ्या. बाजू उघड्याच राहू द्या.

आत्या (ओझर): आमच्याकडे उभा असला की दर आठवड्याला 5 मिनिटं चालू करून बंद करतात. तसं करायचं का?

नाना: ताई, ते बंद करायला सांग. 5 मिनिटांत इंजिन तापतच नाही. जळण्यातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. चालू करायचाच तर चांगला तापेपर्यंत, अर्धा तास तरी चालवून आणायचा. आपल्याकडे चालवायला कुणी नाही, तर नीट बंदच करून ठेवू. ऑइल ठेवायच्या आधी बदलायचं, दसऱ्याला नाही. जुन्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते चार महिने बेअरिंगांना लागून राहतं.

तात्या: क्लच विसरू नका. पेडल खाली दाबून तसंच राहील असा लाकडाचा तुकडा अडकवून बांधा. नाहीतर ओलीने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि मग गिअरच पडत नाही. टाकी डिझेलने गळ्यापर्यंत भरा, रिकाम्या जागेतल्या हवेतल्या ओलीचं पाणी होतं. मागची अवजारं उचलायची लिफ्ट खाली सोडा. सायलेन्सरवर डबा उपडा घाला आणि स्टेअरिंगला लाल फडकं बांधा, म्हणजे कुणी डब्यासकट चालू करणार नाही.

मोठी काकू: तुम्ही झोपा आता. डॉक्टरांनी काय सांगितलंय?

तात्या: पडल्या पडल्याच लिहितोय.

सोनू: बॅटरी मी काढतो. घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करीन.

नाना: शाब्बास. आधी निगेटिव्ह सोड, मग पॉझिटिव्ह. उलटं केलंस आणि पान्हा बॉडीला लागला की ठिणगी. लावताना निगेटिव्ह शेवटी. मल्टिमीटर असेल तर बघ, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.4 च्या खाली जाऊ देऊ नकोस.

आत्या (ओझर): आणि उंदीर? आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची वायरिंग पूर्ण खाल्ली होती.

नाना: शेजारी भुसा, पोती, सरकी काही ठेवायचं नाही, म्हणजे ते येतच नाहीत. एअर क्लीनरच्या तोंडाला जाळी बांधू, घरटं तिथेच करतात. टायरमध्ये हवा पूर्ण भरा, खाली फळ्या टाका. जॅक लावून उचलता आला तर उत्तमच.

मोठी काकू: मिस्त्री परवा येतोय. पत्रे नवीन आणू का?

तात्या: कोंबड्यांच्या जुन्या शेडचे आहेत ना, ते काढा. भोकं डांबराने बुजवा. मृग लागायच्या आत पडवी उभी राहिली पाहिजे.

सोनू: रोटर (रोटाव्हेटर) कुठे ठेवायचा?

तात्या: पडवीतच, मागे, फळ्यांवर. पात्यांना काढलेलं जुनं ऑइल चोपडा. ट्रॅक्टरवरून रोटर फिरवणारा पीटीओचा शाफ्ट मात्र काढून घरात आणा. बाहेर राहिला की कुणीतरी उचलतंच.